वासाला दहापैकी नऊ

वासाला दहापैकी किती गुण द्यायचे, असा एक रकाना त्या फॉर्मात होता. खोटं नाही सांगत. 'दुर्गंधीची तीव्रता: एक ते दहा.' त्याखाली 'उगम', 'कालावधी' आणि 'संशोधकाची शारीरिक प्रतिक्रिया' असे आणखी तीन रकाने. हा फॉर्म बनवला होता खुद्द विभागप्रमुखांनी. ते दर दुसऱ्या वाक्यात 'चौकट' हा शब्द घालायचे, म्हणून पोरांनी त्यांचं नाव चौकटसर ठेवलं होतं. या चौकटसरांना नवा विषय सुचला होता, वासाचा सांस्कृतिक भूगोल. आणि त्यासाठी अख्ख्या शहरातून त्यांनी शोधून काढली ती नेमकी आतडेवाल्यांची गल्ली.

गल्लीचं नाव फळ्यावर उमटलं आणि शेवटून दुसऱ्या बाकावर बसलेल्या ठकीने वही मिटली.

कारण ठकी त्याच गल्लीतली. अकरा नंबरच्या घरात, मावशीच्या हाताखाली वाढलेली. आई गेली तेव्हा ही चार वर्षांची होती, मावशीने उचलून आणली ती कायमची. गल्लीचा धंदा एकच. कत्तलखान्यातून मेंढ्यांची आतडी बादल्या भरभरून यायची. ती रिकामी करायची, धुवायची, राखेच्या पाण्यात चार-पाच दिवस भिजत घालायची, मग फळीवर पसरून बोथट सुरीने चरबी खरवडायची, चाकावर पीळ द्यायचा आणि ओल्या तारा खिळ्यांना ताणून वाळवायच्या. तारा जायच्या वाद्यं बनवणाऱ्यांकडे. सभागृहात डोळे मिटून लोक डोलतात ना, ते मावशीने खरवडलेल्या आतड्यांवर. पण मावशीला कुणी कधी त्या सभागृहात बोलावलं नाही, आणि तीही कधी गेली नाही. तिची बोटं बारा महिने पांढरी, सुरकुतलेली. "तुझ्या नखांत हे शिरायला नको," म्हणायची आणि ठकीला सुरी हातात धरू द्यायची नाही. ठकी ती बाहेर गेली की गुपचूप शिकली ते वेगळं.

तर ही ठकी शिकत शिकत एम.ए.ला पोचली. विषय 'प्रादेशिक आणि सांस्कृतिक अभ्यास', आणि तोही आंतरविद्याशाखीय. म्हणजे इतिहास थोडा, भूगोल थोडा, भाषाशास्त्र चिमूटभर, समाजशास्त्र चवीपुरतं. "म्हणजे नक्की काय शिकतेस गं?" मावशीने एकदा विचारलं. "सगळं थोडं थोडं," ठकी म्हणाली. मावशी गल्लीभर सांगत सुटली, आमची ठकी सगळं शिकते.

प्रवेशाच्या मुलाखतीत चौकटसरांनी विचारलं होतं, "घरी काय करतात?" ठकीच्या तोंडून निघून गेलं, "वाद्यांचा व्यवसाय आहे." सर खूश. "वा, म्हणजे संगीताचं घर!" तेव्हाच 'नाही हो सर' म्हणायला हवं होतं. ते ती म्हणाली नाही. आणि एकदा म्हटलं नाही की माणूस पुढे म्हणतच नाही. दीड वर्ष होस्टेलमध्ये तिला सगळे संगीताच्या घरातली म्हणून ओळखत होते. कुणीतरी तिच्याकडून सतारीबद्दल सल्लाही घेऊन गेलं.

आता विभागाचा एक नियम होता, पहिल्या दिवसापासून घोकून घेतलेला. आपल्या माणसांवर संशोधन करायचं नाही. संशोधक आणि माहितीदार यांच्यात अंतर पाहिजे. नात्यातला माणूस निघाला तर प्रबंध बाद. चौकटसरांनी दोघादोघांच्या जोड्या करून घरं वाटली आणि ठकीच्या जोडीला आलं अकरा नंबर. म्हणजे बोलली असती तर खोटं उघडं पडलं असतं, प्रबंधाला पुन्हा सुरुवातीपासून विषय शोधावा लागला असता, आणि पुढच्या संशोधनाची जी एकच जागा सरांनी जवळपास तिला कबूल केली होती ती हातची गेली असती. गल्लीत जायच्या आदल्या दिवशी तिने मावशीला फोन केला. गुडघे कसे आहेत विचारलं, जेवलीस का विचारलं. 'उद्या मी येईन तेव्हा मला ओळखू नकोस' हे काही जिभेवर येईना. फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता अठरा जण गल्लीच्या तोंडाशी उभे. सर सगळ्यांच्या नाकाखाली बाम लावत होते, एकेकाची हनुवटी धरून. "शी!" "ए, मला मळमळतंय." "माणसं राहतात इथे?" हे सगळं मोठ्याने, गल्लीत माणसं कामाला बसलेली असताना. वरून वहीत टिपणं चालूच. शिकलेल्या माणसांनी नाक मुरडावं आणि त्याचे गुणही मिळावेत, हा प्रकार सांगतानाही माझं डोकं फिरतं. ठकीची खोलीतली सोबतीण, जिच्या गळ्यात कायम कॅमेरा असायचा म्हणून तिला सगळे कॅमेरावाली म्हणत, तिने रुमालावर रुमाल बांधला आणि फॉर्मवर नऊ लिहिले.

ठकी पेन धरून उभी. तिला वासच येईना! दीर्घ श्वास घेऊन पाहिला. ओली राख, ओलं लाकूड, घर. ज्या वासात तिला लहानपणी झोप लागायची त्याला गुण किती द्यायचे? तिने हळूच कॅमेरावालीच्या फॉर्मवर नजर टाकली आणि आपल्याही रकान्यात नऊ लिहिले. मग रुमाल काढून डोळ्यांपर्यंत बांधला.

चाकावर पीळ देत बसलेल्या शेजारच्या काकांनी तरी ओळखलीच. "अगं, ही तर—" म्हणून ते अर्धे उठले. तेवढ्यात अकरा नंबरच्या दारात मावशी आली. पोरीला पाहून तिचा चेहरा असा फुलला, की ठकीला वाटलं, संपलं. मावशीचं तोंड उघडलं. मग तिने रुमाल पाहिला. रुमालाच्या वरचे डोळे पाहिले. बाजूला सर पाहिले, हातातले फॉर्म पाहिले. बाई शाळेची पायरीसुद्धा चढली नव्हती, पण समजायला तिला एक क्षण पुरला.

"ही तर कॉलेजची मंडळी, काका," ती ओरडली. "वाट सोडा त्यांची. या साहेब. या ताई, जपून, पायाखाली ओलं आहे."

ताई! जिला न्हाऊ घातलं, उवा काढल्या, तापात रात्र रात्र मांडीवर घेतलं, तिला म्हणाली ताई. काका गपकन खाली बसले आणि गल्लीत पुन्हा कुणी मान वर केली नाही.

घरात तेच. भिंतीला ताणलेल्या तारा, कोपऱ्यात झाकण घातलेलं पिंप, मधे फळी. सर कौतुकाने बोलत होते, "पाहा, घर आणि कारखाना यांच्यात सीमारेषाच नाही! लिहून घ्या." मावशी खरवडून दाखवत होती. बोलता बोलता फळीवरून एक आतडं घसरलं, आणि ठकीच्या हाताने ते वरच्यावर झेललं. नुसतं झेललं नाही, अंगठ्याने चरबी सोलून एका झटक्यात वीतभर साफसुद्धा केलं. हाताला कुठलं आलंय संशोधन! सगळे बघत राहिले.

"अहो ताई, हात खराब होतील तुमचे," मावशीने ते पटकन काढून घेतलं आणि आपल्या पदराने ठकीची बोटं पुसली, एकेक करून.

"सहभागी निरीक्षण!" सर आनंदाने म्हणाले. "याला म्हणतात सहभागी निरीक्षण!"

मग कॅमेरावालीला उलटी झाली. दारातच. मावशी धावली, तिची पाठ चोळली, कपाळ धरलं, स्वतः पाणी टाकून दार धुतलं. "होतं असं, ताई," ती म्हणाली. "बाहेरच्यांना होतं." आणि उठून तिने खिडकी उघडली. मग सगळ्यांसाठी पाणी आणलं. सरांनी हात जोडले, "नको, नको." कॅमेरावालीने नुसती मान हलवली. तिसरा पेला मावशीने ठकीपुढे धरला. पेल्याच्या कडेला पोचा होता. सहा वर्षांची असताना ठकीनेच तो रागाने आपटला होता, आणि त्या दिवसापासून तो तिचा पेला झाला होता.

सर बघत होते. कॅमेरावाली बघत होती. ठकीला तहान लागली होती.

"नको," ठकी म्हणाली. "माझ्याकडे आहे." आणि पिशवीतून बाटली काढून ती त्या घरात, त्या बाईसमोर, आपलं वेगळं पाणी प्यायली. मावशीने पेला परत नेला. आत पाणी ओतल्याचा आवाज आला.

शेवटी राहिला संमतीचा फॉर्म. तो सर स्वतः वाचायचे आणि पोरांनी भरायचा. वय, शिक्षण, व्यवसाय झालं. "माहितीदाराचं संशोधकाशी नातं?" सरांनी विचारलं आणि ठकीचं पेन कागदावरच थांबलं. आता बोलावं, आत्ताच्या आत्ता बोलून टाकावं, असं तिला वाटलं, खरंच वाटलं. तिने मावशीकडे पाहिलं.

मावशी हसली. "नातं कसलं, साहेब? इतक्या शिकलेल्या पोरी आमच्यात कुठून असणार?"

"लिहा, काही नाही," सर म्हणाले.

ठकीने लिहिलं, 'काही नाही.' आपल्या सुवाच्य अक्षरात. खाली मावशीने सही केली, एकेक अक्षर जोडत, तिसरीतल्या मुलासारखी. ती अक्षरं तिला ठकीनेच शिकवली होती, तिसरीत असताना.

पुढच्या आठवड्यात सरांनी ठकीचा अहवाल वर्गात वाचून दाखवला. "अलिप्तता म्हणजे काय ते यातून शिका," म्हणाले. सगळ्यांत जास्त गुण. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ठकी उठून बाहेर गेली आणि नळाखाली हात धूत राहिली. तिला किळस आली होती. बामाची, रुमालांची, त्या चौकटीची आली होतीच. पण सगळ्यांत जास्त स्वतःची आली होती, आणि ती काही केल्या धुतली जाईना.

रविवारी ती एकटीच गल्लीत गेली. माफी मागायला. मनाशी सगळं ठरवलं होतं, पाय धरीन, रडेन, सरांना सोमवारी खरं सांगेन. पण खरं सांगायचं तर पिशवीत एक फॉर्मही होता. अहवाल पुस्तकात छापायचा होता, त्याला माहितीदाराची आणखी एक सही हवी होती. सरांनी शुक्रवारी दिला होता. 'आता नाहीतरी जातेच आहे,' असं म्हणून तिने तो बरोबर घेतला होता.

मावशीने दार उघडलं. "या ताई," म्हणाली.

"मावशे, पुरे झाली गंमत," ठकी हसायला गेली.

"बसा ना." मावशीने खुर्चीवरची धूळ पुसली. घरात एकच खुर्ची होती, आणि त्यावर ठकी कधीच बसली नव्हती; ती फळीजवळ जमिनीवर बसायची. "काही सही राहिली का?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर ठकीने पाय धरले असते. मावशी ओरडली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर सगळं सोपं होतं. पण समोर एक नीट वागणारी बाई उभी होती, पाहुण्यांशी वागतात तशी वागणारी.  ठकीचा हात पिशवीत गेला आणि फॉर्मच बाहेर आला. मावशीने विचारलंही नाही कशाचा आहे. एकेक अक्षर जोडत सही केली आणि कागद परत दिला.

"पाणी दे ना गं," ठकी कशीबशी म्हणाली.

"तुमचं असेल ना बरोबर?" मावशीने साधेपणाने विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच तसं वाटत होतं.

मग, कामाचा खोळंबा नको म्हणून, ती कोपऱ्यात गेली आणि तिने पिंपाचं झाकण काढलं.

आणि वास आला. जन्मात पहिल्यांदा ठकीला तो आला, कुजका, ओला, आतड्यांचा, घशापर्यंत घुसलेला. तिला कळायच्या आत तिचा हात वर गेला आणि नाकावर बसला. तिने लगेच खाली घेतला. पण मावशीने पाहिलं होतं.

"होतं असं, ताई," मावशी म्हणाली. "बाहेरच्यांना होतं."

आणि तिने जाऊन खिडकी उघडली.