खोटी बारा तारीख

गटात तिचं नाव मुकादम पडलं होतं आणि ते तिने घाम गाळून कमावलं होतं. लाल दिव्यापाशी माणूस रस्ता ओलांडायच्या आधी किती सेकंद दम धरतो, असा तिघांचा संशोधन प्रकल्प. कामं तिने वाटली, वेळापत्रक भिंतीवर तिने चिकटवलं, आणि दिवसातून दहादा त्याकडे बघणारीही तीच.

धास्तीला कारण होतं. गेल्या वर्षी तिच्या गटाचा अहवाल एक दिवस उशिरा पोचला. सरांनी तो उघडूनही पाहिला नाही आणि तिचं वर्ष गेलं. यंदा चुकलं तर पदवीवर पाणीच सोडायचं होतं. आणि गट तरी कसला मिळावा? एक उद्याराम, ज्याचं प्रत्येक काम उद्या व्हायचं. दुसरी शंकाताई, बुटाची नाडी बांधायला वाकलेला माणूस 'थांबला' म्हणायचा की नाही, यावर अख्खी सकाळ घालवणारी. दोघं मनाने सोन्यासारखी, पण नुसत्या सोन्याने अहवाल होत नाही.

म्हणून मुकादमाने लबाडी केली. सर तारीख फक्त गटप्रमुखाला सांगत. त्यांनी सांगितली सोळा. तिने गटाला सांगितली बारा.

"बाराला, दुपारी दोन वाजता. मिनिटभर उशीर झाला तरी मेलो," ती डोळे वटारून म्हणाली.

मात्रा लागू पडली. उद्याराम सकाळी सातला चौकात घड्याळ घेऊन हजर राहू लागला. शंकाताई शंका वहीत लिहून पुढे सरकू लागली. मुकादमाने स्वतःची पाठ इतकी थोपटली, की आपल्या वाट्याच्या निष्कर्षाला तिने हातही लावला नाही. कोणी विचारलं तर "होत आलंय" म्हणायचं. तिच्याकडे चार दिवस जास्तीचे होते ना! अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो असा.

बाराला दुपारी ती फोन बंद करून खुशाल दातांच्या डॉक्टरकडे गेली. नंतर कॉलेजात जाऊन 'मुदत वाढली बरं का' अशी थाप मारायची, एवढंच काम उरलं होतं. सव्वादोनला अर्धं बधिर तोंड घेऊन तिने फोन चालू केला. सत्तावीस कॉल येऊन गेलेले. ती धावतच सुटली.

सरांच्या दाराबाहेर दोघं भिंतीला टेकून खाली बसली होती, शर्यत पळून आल्यासारखी. तेवढ्यात सर अहवाल घेऊन बाहेर आले.

"चार दिवस आधी?" ते खूश होऊन म्हणाले. "मुदत सोळाची होती. असा गट मी अजून पाहिला नाही!"

सर निघून गेले. दोघांनी वळून मुकादमाकडे पाहिलं.

"मी खोटं बोलले," ती अर्ध्या तोंडाने म्हणाली. "माझा तुमच्यावर विश्वासच नव्हता." मग तिला एकदम आठवलं. "पण निष्कर्ष? तो तर मी लिहिलाच नाही!"

"आम्ही लिहिला," शंकाताई म्हणाली. "तुझ्या टिपणांवरून. छापायला वेळ नव्हता म्हणून हातानेच, तीन पानं. पहिलं नाव तुझंच घातलंय."

"तू कुठे धडपडलीस की काय, असं वाटलं," उद्याराम म्हणाला. "पण तुला शोधत बसलो असतो तर तुझं वर्ष पुन्हा गेलं असतं. म्हटलं, आधी अहवाल देऊ, मग दवाखाने पालथे घालू."

त्याच्या बोटांना अजून शाई होती आणि दोघं सकाळपासून उपाशी होती. मुकादमाला बोलायचं होतं, पण गाल हलेना आणि डोळे थांबेनात. ती त्या दोघांच्या मधे फरशीवर बसली आणि भोकाड पसरून रडली, अर्ध्या तोंडाने हसतसुद्धा.

उद्यारामाने पाय लांब पसरले.

"रड की निवांत," तो म्हणाला. "चार दिवस आहेत हातात."