लाल दिव्यावरची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी हार्डडिस्क आहे, आणि आज मला राग गिळून गोड बोलणं जमणार नाही.

खारबावच्या शिक्षिका भाविकाताईंनी आम्हा दोघी डिस्क-बहिणींना एका पेटीत बसवून जोडलं. एकीवर लिहिलं की तेच दुसरीवर उमटायचं. एक गेली तरी दुसरी राहील, हा हिशेब. आमच्यावर ताई अंजूरच्या आक्कांच्या आवाजातले धवले, म्हणजे लग्नात गायची गाणी, नोंदवत गेल्या; शेवटी ती तब्बल दोनशे सात झाली. आक्कांना लिहिता येत नव्हतं. सगळी गाणी गळ्यात.

"पोरी, मी गेली तरी माजी गानी ऱ्हातील ना?" आक्कांनी विचारलं.

"दोन-दोन ठिकानी हायेत, आक्का," ताई म्हणाल्या.

पण ठिकाण एकच होतं, तीच पेटी! तिसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवायचं ताईंच्या मनात होतं; शाळेच्या परीक्षांत ते राहून गेलं.

एके दिवशी माझी बहीण बंद पडली. पेटीने लगेच लाल दिवा लावला. ताईंचा भाऊ भावेश त्याच टेबलावर बसायचा. डोळ्यांना त्रास होतो म्हणून त्याने दिव्यावर काळी पट्टी चिकटवली. दिवा का लागला, हे विचारायची तसदी कुणी घेतली नाही. चार महिने मी एकटीने भार वाहिला. नंतर एका दुपारी वीज चार वेळा गेली-आली आणि मीही अडकून बंद पडले.

त्याच काळात आक्कांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली.

बिघडलेल्या डिस्कमधली माहिती परत काढून देणाऱ्या भिवंडीच्या सालेहाने बारा दिवस खपून आम्हा दोघींवरचे तुकडे जुळवले. माझ्यात जे तुटलं होतं, ते बहिणीकडून भरलं. एकशे एकोणसत्तर धवले परत आले. बहीण बंद पडल्यावर नोंदवलेले, माझ्या एकटीवरचे, अडतीस गेले ते गेलेच.

"मशीनच खराब निघाली," भावेश म्हणाला. ऐकून माझा संताप झाला.

"मशीनने सांगितलं होतं, भावेश," ताई म्हणाल्या. "आपण पट्टी लावली."

ताईंनी अंजूरला जाऊन गाणी ऐकवली. आक्का बोटांवर मोजत राहिल्या. हळदीचा धवला आलाच नाही. त्यांनी तो म्हणायला तोंड उघडलं, पण सूर फुटला नाही. मग त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या.

मित्रांनो, जोडलेल्या डिस्क म्हणजे राखण नव्हे. एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा, ती अधूनमधून उघडून पाहा, आणि आम्ही इशारा दिला तर आमचं तोंड बंद करू नका. आता एक प्रत आक्कांची सून कमळ हिच्याकडे आहे, एक सालेहाकडे. ते अडतीस धवले मात्र कुणाच्याच घरी नाहीत.