बोलता येईल इतकाच वेग

मी सायकल बोलतेय, पण मला रस्ता ठाऊक नाही. कितीही पायडल मारा, करंजाड्यातल्या या हॉलमधून मी तसूभर हलत नाही. व्यायामाची सायकल म्हणतात मला. माणसं मला बघून हसतात. मी मात्र हल्ली सारखी घाबरलेली असते.

माझं पहिलं घर खाडीकडे तोंड करून होतं. त्या माणसांनी मला हौसेनं आणलं, काही दिवस चालवलं आणि मग बाल्कनीत नेऊन माझ्यावर टॉवेल वाळत घातले. खाऱ्या वाऱ्यानं माझ्या पायांना गंज चढला. गंज म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. तो आवाज न करता येतो.

तिथून मला शिवतेजनं आणलं, त्याच्या वडिलांसाठी. सयाजीआबा मूळचे साताऱ्याकडचे. उभी हयात त्यांनी एपीएमसी मार्केटात पाठीवर कांद्याच्या गोणी वाहिल्या. काम सुटलं आणि खुर्ची आली. मग गुडघे सुजले, जिना चढताना धाप लागू लागली.

डॉक्टर गीतांजलीमॅडमनी फोनवर समजावलं. शिवतेजनं फोन माझ्या सीटवर ठेवला होता, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं.

"काका, रक्ताच्या तपासणीत सूज दिसतेय. बाहेरून न दिसणारी, आतली. वय वाढलं की ती अशी धुमसत राहते. आणि लोखंडाला गंज चढतो ना, तसं काहीसं आपल्या पेशींचंही होतं. रोज थोडी, हलकी सायकल चालवा. शरीर हळूहळू त्या गंजाशी लढायला शिकतं. पण चालवताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की थांबायचं. एकदम दमछाक केलीत, तर उलट त्रास वाढेल."

एवढ्या सगळ्यातला आबांनी एकच शब्द धरून ठेवला. गंज.

"गंज घासल्याबिगर निघतो व्हय?" फोन बंद होताच ते म्हणाले.

"आबा, मॅडम हलकी बोलल्या. उगाच टेन्शन देऊ नका हां."

"आरं, हलकी गोणी उचलणाऱ्याला मार्केटात काय म्हणायचे, ठावं हाय का? जावईबापू!"

माझ्या मानेवर एक काळा नॉब होता. तो पिळला की चाक जड व्हायचं. दुसऱ्या दिवशी शिवतेज कामावर गेला, आबांच्या पत्नी वेणूबाई स्वयंपाकघरात होत्या, आणि आबांनी तो नॉब पार शेवटपर्यंत पिळला.

आधी ते कण्हत होते. मग श्वासाची शिट्टी वाजू लागली. हँडलवरचे त्यांचे हात गार पडले. घाम मी पाहिलेला आहे, पण तो गरम असतो. हा बर्फासारखा होता. थांबा म्हणून ओरडावंसं वाटलं. पण माझ्याकडे आवाज एकच, कुरकुरण्याचा. तेवढा मी जिवाच्या आकांतानं काढला.

माझी कुरकुर बंद करायला वेणूबाई तेलाची कुपी घेऊन आल्या.

"आवं! आवं, काय हुतंय?"

आबांचा हात छातीवर गेला. कुपी फरशीवर लवंडली, आणि आबा वेणूबाईंच्या खांद्यावर कोसळले.

त्यांना इस्पितळात नेलं. घरात दिवा लागायचा, पण टीव्ही लागायचा नाही. मी रिकाम्या सीटनं भिंतीकडे बघत राहायची. मी या घरातलं माणूस खाल्लं, असंच मला वाटत होतं.

आबा परत आले. बरेच दिवस मला कुणी हात लावला नाही. पुढे डॉक्टरांनी पुन्हा परवानगी दिली, तीही अगदी हलक्या चालीची आणि सोबत कुणीतरी असेल तरच. त्या दिवशी वेणूबाईंनी माझा नॉब उलटा फिरवून चाक हलकं केलं, मग तो उपटला आणि तांदळाच्या डब्यात पुरला.

"आता कशानं घासताय बघते."

मग त्या शेजारी घेवडा निवडत बसल्या. "हं, बोला. कांद्याची थप्पी कशी कोसळली हुती?"

"आगं, कितींदा ऐकशील?"

"तुमी बोलायचं. बोलणं तुटलं की उतरायचं."

तेव्हापासून माझं चाक आणि आबांची गोष्ट बरोबरीनं चालतात. आबा आता जिना न थांबता चढतात. आतली सूजही थोडी उतरलीय, असं मॅडम म्हणाल्या. पण चालवणं सोडलं तर ती परत येईल, हेही म्हणाल्या.

आज वेणूबाई बहिणीकडे गावी निघाल्या. "शिवतेज आल्याबिगर बसू नगा," असं दारातून दोनदा बजावून गेल्या. दार लागलं आणि आबा पक्कड घेऊन आले.

नॉब गेला तरी त्याची दांडी माझ्या मानेवर तशीच आहे. पक्कडीचे दात तिच्यावर बसले. एक पीळ. दुसरा. माझं चाक जड झालं. आबा बसले. तोंडातून शब्द नाही, नुसता श्वास. मला शांततेचं भय वाटतं ते याचसाठी.

तेवढ्यात फोन वाजला. आबांनी तो हँडलवर टेकवला.

"यष्टीत बसले बगा. तुमी काय करताय?"

"काय न्हाय. बसलोय… उगं…"

पुढचा शब्द निघाला नाही. पलीकडे यष्टीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"आवं, सायकलीवर हाय न्हवं तुमी? आन् भार कशानं वाढवला?"

आबांनी पक्कडीकडे पाहिलं. मग ते हळूच उतरले, दांडी उलटी फिरवली आणि श्वास जागेवर येईपर्यंत खुर्चीत बसून राहिले.

"कमी केला गं. आता मी जावईबापू."

"मंग जावईबापू, शिवतेज येऊस्तवर खुर्चीतच बसा. आन् बोला. थप्पी कोसळली, म्होरं?"

आबा सांगू लागले. पक्कड मात्र अजून माझ्या पायाशीच पडलीय, आणि माझी नजर तिच्यावर आहे.

तुमच्याही घरी माझी एखादी बहीण असेल. तिच्यावर म्हातारं माणूस गप्प बसून पाय मारताना दिसलं, तर पाठ फिरवून जाऊ नका. एवढंच विचारा, "मग पुढे काय झालं?" आणि उत्तर येईपर्यंत तिथंच उभे राहा.