कान मात्र ठळक आले

सख्ख्या बहिणीनंच त्यांचं नाव लेन्सराव ठेवलं होतं. तिच्या नवऱ्याला, म्हणजे घड्याळजींना, ते इतकं पटलं की मेहुण्याचं खरं नाव आता त्यांना आठवून आठवून सांगावं लागे. लेन्सरावांकडे कपड्यांच्या पेटीएवढा लाकडी कॅमेरा होता. पुढं लेन्स, मधे भाता, मागं दुधी काच. एका वेळी फिल्मचा एकच तुकडा, वहीच्या पानाएवढा. मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांना लेन्सराव माणसांत धरत नसत.

त्यांच्याकडे फोटोला बसणं ही एक शिक्षाच होती. डोक्याच्या मागं काठी टेकवायची. कॅमेऱ्याला बांधलेल्या दोरीचा मणी भुवईला लावून अंतर बघायचं. मग लेन्सराव काळ्या कापडात डोकं खुपसत. दुधी काचेवर समोरच्याचं तोंड उलटं दिसे, डोकं खाली नि हनुवटी वर. त्यातल्या डोळ्यावर भिंग ठेवून ते पापण्या शोधत बसत.

"आली, पापणी आली! आता मेलात तरी हलू नका."

"अरे, मेल्यावर कोण हलतंय?" घड्याळजी ओठ न हलवता म्हणत.

"बोललात! गेली पापणी!"

पुन्हा पहिल्यापासून सगळं. मग लेन्स बंद करायची, काचेच्या जागी फिल्म सरकवायची, झाकण ओढायचं आणि खट्ट. एवढा उपद्व्याप करून चार महिन्यांपूर्वी घड्याळजींचा जो पहिला फोटो आला, त्यात डोळे वाफ धरलेल्या चष्म्यातून बघितल्यासारखे होते. कान मात्र असे ठळक की कानावरचे केस मोजून घ्यावेत.

"पुढं झुकलात, भाऊजी," लेन्सराव म्हणाले. त्याच आठवड्यात काढलेल्या दुसऱ्या फोटोतही तेच झालं. तेव्हा हात पुसता पुसता लेन्सरावांनी सहज तोंड उघडलं, "कंप दिसतोय. तुमच्या वडिलांनाही होता ना? मानेपासूनच सुरू होतो म्हणे." आणि टॉवेल खुंटीला अडकवून ते चहा प्यायला गेले. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

घड्याळजींचे वडीलही घड्याळजीच होते. आधी त्यांची मान लटपटायला लागली, मग हात. शेवटची सात वर्षं ते दुकानात नुसते बसून होते, समोर उघडं घड्याळ आणि हात मांडीखाली दाबलेले. ते चित्र मुलाच्या डोळ्यांपुढून कधी गेलंच नव्हतं. आता मुलगाही छप्पन्न वर्षांचा झाला होता.

डॉक्टरकडे जायची त्यांची छाती होईना. बायकांची नाजूक घड्याळं त्यांनी परत पाठवायला सुरुवात केली. चिमटे खणात गेले. पट्टे बदलणं आणि बॅटऱ्या घालणं, एवढंच काम उरलं. बायकोनंही भावाचं ते बोलणं ऐकलं होतं, आणि दुसऱ्याच दिवसापासून तिनं त्यांचा चहाचा कप अर्धाच भरायला सुरुवात केली. सांडू नये म्हणून. तो अर्धा कपही घड्याळजी दोन्ही हातांनी धरायला लागले.

मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण दुकानासाठी दोनदा विचारून गेला होता. शेवटी घड्याळजी बायकोला म्हणाले, "तुझ्या भावाकडे एकदा शेवटचं बसतो. ह्याही वेळी हललो तर सोमवारी किल्ली त्या कव्हरवाल्याला देऊन टाकतो."

तिनं त्यांचा अर्धा कप पुढं सरकवला.

तिसऱ्यांदा घड्याळजी असे बसले की माशी नाकावर बसली तरी त्यांनी नाक हलवलं नाही. दुसऱ्या दिवशी लेन्सरावांनी नवराबायको दोघांना बोलावून फोटो पुढं धरला. डोळे धूसर. कान फक्कड.

"पुन्हा झुकलात," लेन्सराव म्हणाले. "काय करू मी तरी? आठ दिवसांवर प्रदर्शन आलंय, तुम्हाला मधोमध लावणार होतो."

त्यांची ताई स्टुलावर टेकली. घड्याळजींचा हात खिशातल्या किल्लीवर गेला. बायकोच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून ते भिंतीकडे बघायला लागले. भिंतीवर प्रदर्शनाचे बावीस चेहरे ओळीनं टांगले होते. वर पाटी, 'नजर'. मुख्याध्यापिका बाई होत्या, कान ठळक. पैलवान होता, त्याचे चुरगळलेले कान तर फारच ठळक. घड्याळजींनी सवयीनं खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक चेहरा नाकाजवळ जाऊन तपासला.

"हे सगळे झुकले?" त्यांनी विचारलं.

"माणूस झुकतोच, भाऊजी. नजर ठरत नाही, हाच तर माझा विषय आहे."

"सगळे पुढंच झुकले? मागं एकही नाही? आणि सगळे एवढेच?"

"आता कलेतलं तुम्हाला काय सांगू!"

कलेतलं घड्याळजींना कळत नव्हतं, पण तीस वर्षं ते गिऱ्हाइकांना एक गोष्ट सांगत आले होते. कधी पुढं जाणारं, कधी मागं पडणारं घड्याळ आजारी असतं. रोज मोजून पाचच मिनिटं मागं पडणारं ठणठणीत असतं, कुणीतरी ते चुकीचं लावलेलं असतं. त्यांनी फळीवरचं गजराचं घड्याळ उचललं, स्टुलावरून बायकोला उठवून तिथं ठेवलं, आणि त्याच्या मागं चार बोटं सोडून फिल्मचा रिकामा डबा ठेवला.

"ह्याचा काढ."

"घड्याळाचा? अहो, ही फिल्म आहे, रद्दी नाही!"

"काढ म्हणतात ना ते!" ताई कडाडली.

लेन्सरावांनी काढला. फिल्म धुऊन बाहेर यायला तासभर गेला. ओली निगेटिव्ह दिव्यापुढं धरली, तर घड्याळाचे आकडे धूसर होते आणि मागच्या डब्यावरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

"काय रे," ताईनं विचारलं, "घड्याळ पुढं झुकलं का?"

"स्टूल हललं असेल," लेन्सराव म्हणाले. पडलो तरी नाक वर!

खिशातून बारका स्क्रूड्रायव्हर काढून घड्याळजींनी कॅमेऱ्याच्या मागचे चार स्क्रू सोडवले आणि दुधी काच हातात घेतली. दोन्ही बाजूंवरून नख फिरवलं. एक बाजू गुळगुळीत, दुसरी खरखरीत.

"चित्र कुठं उमटतं? खरखरीत बाजूवर," ते हळू म्हणाले. "मग ही बाजू आत हवी, फिल्म बसते त्या जागी. तुझी बाहेर आहे. काचेच्या जाडीएवढा तू प्रत्येक माणसाला चुकतोयस. काच कधी काढली होतीस?"

लेन्सरावांचा चेहरा पडला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती काच साबणानं लख्ख धुतली होती, आणि आपण काच कशी धुतो हे महिनाभर भेटेल त्याला ऐकवलं होतं.

घड्याळजींनी काच पालटून बसवली, स्क्रू पिळले आणि स्वतः स्टुलावर जाऊन बसले. काठी नको, मणी नको म्हणाले. आणखी एक तास गेला. ह्या वेळच्या निगेटिव्हमध्ये पापण्या अशा आल्या होत्या की एकेक वेगळी मोजावी.

"बघा!" लेन्सराव ओरडले. "आज हलला नाहीत!"

घड्याळजींनी शांतपणे पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलला. "बरं. मग काच होती तशी लावून देतो."

"नको, नको, भाऊजी!"

"मग तुझ्या ताईला सांग काय झालं होतं ते."

"म्हणजे ताई, त्याचं असं आहे, तांत्रिकदृष्ट्या..."

"माणसासारखं सांग," ताई म्हणाली.

लेन्सरावांनी काळ्या कापडाची घडी घातली. "काच मी उलटी लावली होती. भाऊजी कधी हललेच नव्हते. त्यांना काही झालेलं नाही."

"चार महिने!" ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "चार महिने हे झोपले की मी ह्यांच्या हाताकडे बघत बसायचे. जेवताना घास कसा उचलतात ते बघायचे. आणि तू भिंतीवर कान टांगत होतास, मेल्या? ह्या बावीस जणांनाही बोलाव आणि एकेकाला सांग!"

मग डोळे पुसून ती कोपऱ्यातल्या शेगडीकडे गेली आणि तिनं चहा टाकला. नवऱ्याचा कप तिनं काठोकाठ भरला, वर आणखी थोडा ओतला, चहा काठावर थरथरेपर्यंत. घड्याळजींनी तो उचलला, खिडकीपर्यंत चालत नेला आणि उभ्यानंच प्यायला सुरुवात केली. बशीत एक थेंब पडला नाही.

भावापुढं तिनं अर्धाच कप ठेवला.

"एवढाच?" लेन्सराव म्हणाले.

"तेवढाच घे," ताई म्हणाली. "हात थरथरतोय तुझा."