शेषराजाच्या पोटाखाली

घरात एखादं मूल भेदरलं की औषध सांगायला अख्खं गाव पुढे येतं. पालघरजवळच्या माहीममध्ये विश्रामच्या घरी तेच चाललं होतं. त्याची नात किंजल चार वर्षांची. दिवाळीच्या आधीपर्यंत ती आईबापांबरोबर बोईसरला राहत होती. बाप धीरज तिथेच एका कारखान्यात नोकरीला. एका दुपारी जवळच्या दुसऱ्या कारखान्यात स्फोट झाला आणि खिडकीची काच फुटून पोरीच्या पुढ्यात पडली. अंगावर साधा ओरखडासुद्धा उठला नाही, पण पोर आतून हादरली. तेव्हापासून कुकरची शिट्टी झाली तरी ती पलंगाखाली शिरायची. बोलणं कमी झालं, रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं. शेवटी तिची आई हेमांगी तिला घेऊन माहीमला सासरी येऊन राहिली; धीरज तिथूनच कामावर जाऊ-येऊ लागला. नारळ-चिकूची वाडी, समुद्राचा वारा, शांत घर. पोर हळूहळू सावरेल अशी तिला आशा होती.

पालघरच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. वेळ द्या, मोठ्या आवाजांपासून जपा, तिच्यावर जबरदस्ती करू नका. पण जो डॉक्टर बाटलीभर औषध देत नाही, त्याच्यावर आपल्याकडे विश्वास बसत नाही. मग कुणी दृष्ट काढली, कुणी गंडा बांधला, कुणी डोक्यावरून लिंबू उतरवून तिठ्यावर टाकलं. हेमांगीने सगळं करू दिलं. त्यात पोरीला काही इजा नव्हती, आणि सासरच्या माणसांचा जीव पोरीसाठीच तुटतोय हे तिला कळत होतं.

मग माघी गणपतीची मिरवणूक जवळ आली. विश्राम उत्सव मंडळाचा अध्यक्ष. एके दिवशी तो छाती काढून घरात शिरला आणि म्हणाला, "शेषराज येतोय. आपल्या मिरवणुकीला. आपल्याच वाडीत बांधायचा."

शेषराज कोण, हे गावात कुणाला विचारावं लागलं नाही. लांबच्या मुलखातला तो नावाजलेला सुळेवाला हत्ती. त्याचे व्हिडिओ गावातल्या निम्म्या मोबाईलमध्ये होते. त्याचे सुळे किती लांब, त्याची झूल किती किमतीची, कुठल्या जत्रेत तो किती वेळ मान ताठ ठेवून उभा राहिला, हे पोरांना पाढ्यांसारखं पाठ होतं. त्याचे चाहते त्याच्या नावाच्या टोप्या घालायचे.

"आणि आपल्या किंजूची भीती पण जाणार," विश्राम म्हणाला. "तिला शेषराजाच्या पोटाखालून तीनदा काढायची. आमी ल्हान होतो तवा एका साधूची हत्तीण आली होती. बाबांनी आमच्या थोरल्याला असाच काढला. मग तो कशाला भ्यायला नाय कदी."

हेमांगीने पोरीला जवळ ओढलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. धीरजने नजर चुकवली आणि म्हणाला, "बाबा सोबत असतील ना." आता सुनेने यावर काय बोलायचं? ती गप्प राहिली. आपल्या घरांमधून असं गप्प राहणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे आणि त्याला आपण संस्कार म्हणतो.

मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी ट्रक आला. शेषराजाला घराच्या मागे, विहिरीपलीकडच्या नारळीला साखळीने बांधलं. पुढचे दोन पाय आखूड साखळीने एकमेकांना जखडलेले. ती साखळी रात्रभर वाजत राहिली. हेमांगी पोरीच्या कानावर हात ठेवून जागीच होती. मध्येच साखळीचा आवाज थांबला की तिला जास्त भीती वाटायची.

सकाळी ती पाण्याच्या निमित्ताने विहिरीवर गेली आणि तिने त्याला धडपणे पाहिलं. एवढं मोठं जनावर तिने जवळून कधी पाहिलं नव्हतं. तो एकाच जागी डावीकडे-उजवीकडे झुलत होता, थांबतच नव्हता. "खुशीत हाय बघा, डुलतोय," शेजारची झुंबर म्हणाली. हेमांगीला ती खुशी वाटेना. डोळा आणि कान यांच्यामधून काळपट, तेलकट पाण्याची धार गालावर उतरली होती आणि तिचा उग्र वास येत होता. बायका हात जोडत होत्या. विश्रामने माहुताला सांगून त्या पाण्यात रुमालाचं टोक भिजवून घेतलं. "गजराजाचं तीर्थ," तो म्हणाला आणि घरात जाऊन किंजलच्या कपाळाला टिळा लावला. पोर वासानेच तोंड फिरवून रडायला लागली.

नेमकी तेव्हाच दमयंती आत्या दारात उभी राहिली. विश्रामची थोरली बहीण, तारापूरला असते. नवरा वनखात्यात, त्यामुळे उमेदीची वर्षं तिने दोडामार्गाकडे काढली. तिकडच्या शाळेत ती शिकवत होती, आणि त्या रानात हत्ती उतरतात. टिळा पाहून तिने विचारलं, "हे काय लावलंस पोरीला?"

विश्रामने सांगितलं. आत्याने पिशवी खाली ठेवली, आधी पदराने पोरीचं कपाळ पुसलं आणि मग म्हणाली, "विश्राम, हे तीर्थ नाय. हत्ती माजावर आला की गंडस्थळातून हे पाणी गळतं. अशा वेळी रानातला हत्तीसुद्धा कुणाला जवळ येऊ देत नाय. आणि तू त्याच्या पोटाखाली पोर घालणार?"

"ताई, तो शेषराज हाय. लाखभर माणसांत उभा ऱ्हातो. त्याला सवय हाय."

"सवय कसली? दोडामार्गाला एक सुळेवाला टस्कर यायचा आमच्या बागेत. केळी मोडायचा, आमी त्याला शिव्या घालायचो. पण भिऊन लांब ऱ्हायचो, तो पण आमाला टाळून जायचा. म्हणून तो जगला, आमी पण जगलो. याचं काय केलंय ठाऊक हाय? ल्हानपणी आईपासून तोडतात. बांधून उपाशी ठेवतात, मारतात, तो मोडेपर्यंत. मग तो ऐकतो. याची सगळी शिस्त भीतीची हाय, विश्राम. ज्याला भिववून भिववून उभा केलाय, त्याच्या पोटाखालून पोरीची भीती जाईल कशी?"

विश्राम चिडला. "तू शिकलेली, तुझं नेमीचंच. गाव सगळं आपली पोरं घेऊन येतंय. आता माघार घेतली तर अध्यक्षाने स्वतःच्याच नातीला नेलं नाय म्हणतील."

माहूत बाजूला उभा राहून ऐकत होता. त्याने हलक्या आवाजात सांगून पाहिलं, "साब, चार दिन से इसका मिजाज ठीक नहीं है. मालिक बोला, ले जाओ." विश्रामने ते कानामागे टाकलं. हेमांगीने मात्र ऐकलं आणि तिने आत्याकडे पाहिलं. आत्याने तिच्याकडे बघून एवढंच म्हटलं, "तू आई हायेस तिची. तुजं तोंड कुणी शिवलंय का?"

थोड्या वेळाने वाडीत माणसं दाटली. शेषराजाच्या पाठीवर झूल चढली, कपाळावर रंगाची नक्षी आली. पहिली झुंबरची तान्ही नात. एका बाजूने तिच्या बापाने धरली, दुसऱ्या बाजूने विश्रामने वाकून घेतली. एकदा, दोनदा, तीनदा. काही झालं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विश्रामने बहिणीकडे असं पाहिलं की, बघितलंस? हेमांगीलाही क्षणभर वाटलं, आपणच उगाच घाबरतोय का? अशीच फसगत होते आपली. एक जण वाचला की त्यालाच आपण पुरावा धरतो.

"आण किंजूला," विश्राम म्हणाला आणि हत्तीच्या पोटाखाली हात पसरून वाकला. धीरजने पोरीला उचललं. तिने बापाच्या मानेला मिठी घातली. तो ती सोडवत होता आणि हसत होता, कारण लोक बघत होते.

तेवढ्यात फाटकाशी ढोलपथक आलं. त्यांना कुणी थांबा म्हटलं नव्हतं. टिपरी पडली आणि एकदम सगळे ढोल कडाडले. किंजलने किंकाळी फोडली.

शेषराजाचं झुलणं थांबलं. कान पसरले. ते थांबलेलं पाहताच हेमांगी धावली. "नाय देणार!" ती ओरडली. "माजी पोर मी नाय देणार!" तिने धीरजच्या हातातून पोरीला अक्षरशः ओरबाडून घेतलं आणि मागे सरली. धीरजही तिच्यामागे ओढला गेला. त्याच वेळी माहुताने घाईघाईने कानामागे अंकुश रुतवला आणि शेषराज जागच्या जागी वळला. साखळीच्या हिसक्याने नारळी मुळापासून हलली. वाकलेल्या विश्रामला त्याच्या मागच्या पायाचा धक्का बसला आणि तो आडवा झाला.

ज्या पोटाखालून नातीला काढायचं होतं, त्याच पोटाखाली आता आजा पडला होता!

माणसं पळाली. चप्पल, पूजेचं ताट, मोबाईल, सगळं तिथेच टाकून पळाली. हेमांगी पळाली नाही. विहिरीच्या कठड्याला पाठ लावून ती पोरीला उराशी धरून उभी राहिली. खांबांएवढे चार पाय सासऱ्याच्या दोन्ही अंगांना जमिनीवर आपटत होते. एक पाय त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर पडला. बाबा गेले, तिला वाटलं. आता पुढचं पाऊल आणि बाबा गेले.

"ढोल थांबवा रे मेल्यांनो!" दमयंती आत्या फाटकाकडे धावत ओरडली. तिने एका ढोलावर दोन्ही हात ठेवून तो दाबला. बाकीचे एकेक करून गप्प झाले. वाडीत फक्त हत्तीचा श्वास ऐकू येत होता. माहुताने अंकुश फेकून दिला आणि सोंडेपासून लांब उभा राहून त्याच्याशी त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटायला लागला. 

हेमांगीच्या मानेत तोंड खुपसलेली किंजल एका डोळ्याने बघत होती. पुष्कळ दिवसांनी ती आपणहून बोलली. "आई, तो थरथरतोय. त्याला पन आवाज नको."

शेषराज खरंच थरथरत होता. हळूहळू त्याने एक पाय उचलला, अधांतरी धरला आणि मागे टेकवला. आत्याने खुणेनेच विश्रामला सांगितलं. तो हातांवर सरपटत, धूळ खात बाजूने बाहेर आला. धीरजने त्याला काखेत धरून ओढलं.

विश्रामला ओटीवर बसवलं. हाताला खरचटलं होतं, बरगडी दुखत होती, पाण्याचा पेला धरवत नव्हता. हेमांगीने पेला त्याच्या ओठाला लावला. मंडळाची माणसं जमली, हत्तीशिवाय मिरवणूक कशी काढायची म्हणून कुजबुजायला लागली. तेव्हा तो बोलला.

"आजवर मी त्याला समोरून बघितला. सुळे, झूल, कपाळावरचा रंग. आज खालून बघितला. साखळीखाली मांस दिसतंय रे. तळवा चिरून त्यात पू झालाय. त्याच्यावर तो रात्रभर उभा. मला वाटलं, मला चिरडायला पाय उचलतोय. त्याला पाय टेकवतच नव्हता." तो मग सुनेकडे वळला. "तू आरडलीस म्हणून पोर वाचली. नायतर ती माज्या हातात असती. मीच घेतला असता जीव तिचा."

हेमांगीला रडू फुटलं. धीरज खाली मान घालून म्हणाला, "मी पण बोलायला हवं होतं." ते त्याने सगळ्यांसमोर म्हटलं, हे तिला मोलाचं वाटलं.

त्या वर्षी माहीमचा गणपती माणसांच्या खांद्यावरून निघाला. टाळ होते, भजन होतं, ढोल नव्हते. काही जणांनी नाकं मुरडली, विश्रामने ती मुरडू दिली. वनखात्याला त्याने स्वतः फोन केला. जनावरांचे डॉक्टर आले, लांबूनच औषध देऊन जखमा धुतल्या, माज ओसरेपर्यंत हत्तीला हलवायचं नाही असं बजावून गेले. तोवर वाडीत कुणालाही सोडलं नाही. नंतर ट्रक आला आणि शेषराजाला मालकाकडे घेऊन गेला. वाटलं होतं तो सुटेल, पण एका गावाने नको म्हटल्याने साखळी तुटत नाही. तक्रार झाली आहे, चौकशी चालू आहे. पुढच्या गावात त्याची झूल पुन्हा चढली असेल, या विचाराने हेमांगीला अजूनही झोपेतून जाग येते.

परवा केळव्याकडच्या एका मंडळाचे लोक हत्तीवाल्याचा नंबर मागायला आले. विश्रामने त्यांना चहा पाजला आणि नंबर दिला नाही. "तुमाला शोभा हवी ना?" तो म्हणाला. "मग तुमच्या घरातलं एक पोर घेऊन या, आणि मी जिथं पडलो होतो तिथं, हत्तीच्या पोटाखाली, त्याला झोपवा. जमेल? नाय ना जमत? मग दुसऱ्यांच्या पोरांना का बोलवता?" मंडळी चहा संपवून उठली. त्यांनी हत्तीचा बेत सोडला, असं ऐकतो.

वाचकहो, किंजल अजून पूर्ण बरी नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढा वेळ तिला लागतोच आहे, आणि आता तो घरातले सगळे देत आहेत. आपल्या गावात, आपल्या मंडळात उद्या कुणी हत्तीचं नाव काढेल तेव्हा सुळ्यांची लांबी विचारू नका, पायाकडे बघा. आणि घरातली सून, लेक, आत्या, कुणी "नको" म्हणत असेल तर तिला गप्प करू नका. एका जिवाला भीतीत ठेवून दुसऱ्याची भीती जात नसते. ती फक्त वाढते, आणि एक दिवस आपल्याच लेकराच्या अंगावर येते.