बेचाळीस किलोंचा जोडीदार

बसा, पण माझ्यावर नको. तापलोय मी.

मी बेस गिटारचा अँप्लिफायर बोलतोय. घरातले मला नुसतं 'अँप' म्हणतात. जिन्यावरून उचलून नेताना आणखीही बरंच काही म्हणतात, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. वजन बेचाळीस किलो. पोटात काचेचे सहा व्हॉल्व्ह आणि खाली परातीएवढा स्पीकर. बटण दाबल्या दाबल्या मी बोलत नाही. आधी व्हॉल्व्ह तापावे लागतात, त्याला चांगलं मिनिटभर लागतं. हल्लीचे ते डब्याएवढे अँप बटण दाबलं की लगेच बडबडायला लागतात. आम्ही जुनी माणसं, आम्हाला घसा साफ करायला वेळ लागतो.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. ज्या बाईंनी माझ्या तारा जोडल्या, त्या शेजारणीला सासूच्या तक्रारी सांगत होत्या. एकेक तक्रार आणि एकेक टाका. सासूबाई चांगल्याच खाष्ट असणार, कारण माझा एकही टाका आजवर निखळलेला नाही.

मग एका हॉटेलच्या नाचाच्या हॉलमध्ये काही वर्षं काढली. तिथे तीन गिटारी आल्या आणि गेल्या. एकीशीही जमलं नाही. पहिली फार किरकिरी होती आणि दुसरी मुखदुर्बळ. तिसरीबद्दल मी बोलत नाही. हॉटेल बंद पडलं आणि मी एका वाद्यांच्या दुकानात येऊन पडलो.

त्या दुकानात वादक जमायचे आणि जोड्यांवरून भांडायचे. अमक्या गिटारीला तमकाच अँप पाहिजे, ती त्याच्याशिवाय म्हणजे मीठ नसलेलं जेवण, वगैरे वगैरे. नामांकित जोड्यांची नावं घेताना त्यांचे आवाज भरून यायचे. माझं नाव कुणी घेत नव्हतं. माझ्यावर कुंडी ठेवलेली होती.

एके दिवशी मास्तर आले. मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग शिकवणारे. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून, पाय ब्रेकवर ठेवून, "काही हरकत नाही, पुन्हा पहिला गिअर टाका" असं म्हणणारा माणूस. असाच माणूस बेस वाजवू शकतो. बेस म्हणजे चार जाड तारांची, खालच्या सुरातली गिटार. गाण्यात ती आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि ती थांबली की मात्र सगळे एकमेकांकडे बघायला लागतात.

मास्तरांनी खांद्यावरून तिला उतरवलं. रंग उडालेली, मानेवर ओरखडे, पण काय बाई होती! कुंडी खाली ठेवली गेली, वायर जोडली गेली आणि तिने पहिला सूर लावला. दुकानदाराचा चष्मा टेबलावरून थरथरत सरकला आणि काठावरून खाली पडला.

"हाच," मास्तर म्हणाले.

तेव्हापासून बावीस वर्षं आमचा संसार सुरू आहे. ती पुटपुटते, मी ते सगळ्यांना मोठ्याने सांगतो. माझी स्वतःची अशी वाचा नाहीच. ती नसली तर मी म्हणजे नुसता गुणगुणणारा हीटर.

या बावीस वर्षांत मास्तरांनी तिच्या तारा एकदाही बदलल्या नाहीत. कंजूषपणा नव्हे हो! बेसवाल्यांत ही एक जमातच आहे. त्यांचं म्हणणं, तारा बदलायच्या नसतात, मुरवायच्या असतात. बोटांचा घाम, तेल, मळ वर्षानुवर्षं आत बसतो आणि मग तो गोल, जाडसर, पोटातून आल्यासारखा आवाज निघतो. मास्तर अभिमानाने सांगायचे, "माझं अर्धं आयुष्य या तारांमध्ये आहे." खरं तर होता तो मळच.

आणि मास्तरांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, इस्पितळात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करण्याचं काम करतात. आता तुम्हीच विचार करा.

गेल्या वर्षी मास्तरांचं बोट पिकलं. मास्तरांनी चार दिवस ते लपवलं, तोवर चांगलं टरारून सुजलं. वहिनींनी पट्टी बांधली, औषध दिलं आणि भिंतीवरच्या गिटारीकडे अशी काही नजर टाकली, की बंद असतानाही माझ्या व्हॉल्व्हांना कापरं भरलं.

मास्तर शिकवायला गेल्यावर वहिनींनी तिला जेवणाच्या टेबलावर आडवं केलं. हातमोजे घातले. एकेक तार उतरवली, कुठली कुठे हे चिकटपट्टीवर लिहून ठेवलं आणि चारही तारा मोठ्या पातेल्यात टाकून उकळत ठेवल्या. वीस मिनिटं, घड्याळ लावून! पाणी काढ्यासारखं काळं झालं. वहिनींनी ते नाक मुरडून मोरीत ओतलं. मास्तरांचं अर्धं आयुष्य गटारात गेलं आणि मी कोपऱ्यात बसून पाहत राहिलो. बोलणार कसा? माझी वाचा पातेल्यात होती.

पुसून, वाळवून, तारा होत्या तशा परत चढल्या. मास्तर आले. "गिटार पुसलीस वाटतं? छान केलंस," म्हणाले. सुरात लावताना तारा जरा जास्तच उतरलेल्या वाटल्या, तर म्हणाले, "हवा बदलली." वहिनी पातेलं घासत राहिल्या.

रविवारी दुपारी बेकरीच्या गोदामात तालीम होती. बेकरीवाला ड्रम वाजवतो, त्यामुळे आमच्या तालमीला नेहमी मैद्याचा वास असतो. मास्तरांनी पहिला सूर लावला आणि मी ओरडलो, "टण्ण!"

पितळेच्या घागरीवर चमचा मारावा तसा आवाज. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिच्याकडे कुणीच बघितलं नाही! बावीस वर्षांच्या त्याच तारा, त्यांच्यावर संशय घ्यायचा कशाला? ओरडला कोण, तर अँप. मग बिघडला कोण? अँपच.

दुरुस्तीवाल्या मावशींना बोलावलं. मावशींनी मला उघडलं, टॉर्च मारला, एकेका टाक्यावर पेन्सिलीने टकटक केलं. "मास्तर, याला धाड भरलेली नाही," त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा चांगली तब्येत आहे." मास्तरांना पटलं नाही. त्यांनी व्हॉल्व्ह बदलायला लावले. स्पीकर बदलायला लावला. मी तसाच टणटणत राहिलो.

महिनाभर हे चाललं. मास्तर रोज एक सूर लावायचे, तोंड पाडायचे आणि तिला भिंतीवर टांगून द्यायचे. मग तालमीलाही जाईनासे झाले. "आवाजच गेला ग," ते वहिनींना म्हणाले. "म्हातारा झाला बिचारा. देऊन टाकतो याला." बेकरीवाल्यानेही री ओढली, त्याच्या कमरेला मी कधीच आवडलो नव्हतो. वहिनींना आवाजातलं काही कळत नाही, त्यांना सगळे सूर सारखेच. पण मास्तरांचं तोंड बघून त्यांची जेवणावरची वासना उडाली होती, हे मी पाहत होतो.

मला विकायचं ठरलं. तिला ठेवून मला! मी खरंच हादरलो. बावीस वर्षं एका वायरने बांधलेली माणसं आम्ही.

घ्यायला आल्या त्या पोहायला शिकवणाऱ्या बाई. खांदे हे एवढे. त्यांनी मला एकटीने उचलून खिडकीपाशी ठेवलं. कुणी इतक्या प्रेमाने उचललं नव्हतं, पण मी विरघळलो नाही. त्यांनी पाठीवरून स्वतःची बेस काढली. सदोदित ओल्या हातांनी वाजवून तिच्या तारा काळ्या, गंजलेल्या, हात लावू नये अशा.

मी मनाशी पक्कं केलं, खोकायचं. घरघरायचं. असा आवाज काढायचा, की या बाई पोहतच परत गेल्या पाहिजेत.

आणि बाईंनी सूर लावला.

काय सांगू! माझं काही चाललंच नाही. जे येतं तेच बोलायचं, एवढीच माझी जात. तो मळलेला, गंजका, गोड सूर पोटात शिरला आणि मी महिन्याभराचा उपाशी, असा काही घुमलो की खिडकीची तावदानं थरथरली. एवढ्या जोरात घुमल्यावर आपला सौदा पक्का झाला, हे मला कळत होतं. भिंतीवरून ती हे सगळं ऐकत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मास्तर खुर्चीतून उठले. "हा... हा तर ठणठणीत आहे!"

"ठणठणीतच आहे," बाई म्हणाल्या. "तुमची गिटार द्या बघू." त्यांनी तिला माझ्याशी जोडलं. टण्ण! बाईंनी तारेवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. "तारा नव्या घातल्यात?"

"छे हो! बावीस वर्षं त्याच."

"उकळल्या मी," वहिनी म्हणाल्या.



"काय उकळल्या?" मास्तरांनी विचारलं.

"तारा. वीस मिनिटं. आमच्याकडे कात्र्या उकळतात तेवढ्याच."

पोहणाऱ्या बाईंनी आपली गिटार चटकन उचलून छातीशी धरली.

"अगं, विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

"नाही."

"मग?" वहिनींचा आवाज चढला आणि मधेच फुटला. "हाताएवढं बोट सुजलं होतं तुमचं. कापावं लागतं अशी बोटं, मी रोज बघते. आणि हा आवाज त्यामुळे गेला हे मला काय माहीत? तुम्ही म्हणालात अँप बिघडला. महिनाभर धड हसला नाहीत तुम्ही. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं."

मास्तर त्यांच्याजवळ गेले. मग म्हणाले, "चुकलं माझं. बोट दाखवायचं ते तुला, आणि मी लपवत बसलो." नंतर बाईंकडे वळून म्हणाले, "माफ करा. अँप द्यायचा नाही."

बाई हसल्या. "मी असते तर मीही दिला नसता." जाताना दारात थांबून म्हणाल्या, "तारा परत मुरायला दोन-तीन वर्षं लागतील. रोज वाजवा. आणि वाजवण्याआधी हात धुऊ नका." वहिनींनी दाराची चौकट घट्ट धरली.

आता मी माझ्या कोपऱ्यात आहे. ती अजून टणटणते, मी अजून ओरडतो. तालमीला मला न्यायचं असलं की पोहणाऱ्या बाई येतात, आणि बेकरीवाला पुढे पळत जाऊन नुसतं दार उघडतो. मागणं माझं एकच आहे. घरात कुणी ओरडायला लागलं, तर त्याला उघडण्याआधी त्याच्याशी कोण काय बोलतंय, तेवढं बघा.

रोज दुपारी जेवण झालं की मास्तर सवयीने नळाकडे जातात. आणि ज्या बाईने आयुष्यभर हत्यारं धुतली आणि उकळली, ती आधी टॉर्च घेऊन त्यांची दहाही बोटं नीट तपासते, मग तोंड दुसरीकडे फिरवून नळ बंद करते.

"जा," वहिनी म्हणतात. "आधी वाजवा."