मातृभोजनाचा भात

आदल्या संध्याकाळी राजस्थानकडून अशी आंधी आली की ग्वाल्हेरचे कावळे म्हणे पायी घरी गेले. फूलबागेजवळच्या मंगल कार्यालयाच्या गच्चीवर मुकुंदरावांनी हौसेने बसवलेली सूर्यचूल, तिचा चकचकीत पत्र्याचा भलाथोरला आरसा, सगळं धुळीने माखलं. आणि आज नातवाची मुंज. "एकही गॅस पेटणार नाही, सगळा स्वयंपाक उन्हावर," असं त्यांनी अख्ख्या लष्कर मोहल्ल्यात सांगून ठेवलेलं.

"आरसा घासून लख्ख करा," एवढा हुकूम सोडून ते सकाळी पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले. त्यांच्या पत्नी विजयाबाईंनी तो पाळला. देवाची तांब्याची भांडी घासतात तसा आरसा चिंच आणि राख लावून घासला. धुळीतली वाळू आयतीच होती. मुकुंदराव परतले तोवर खालचा अर्धा आरसा ओरखड्यांनी आंधळा झालेला. वर हात पोचला नाही म्हणून तेवढा वाचला.

"घासा म्हणालात, घासला," विजयाबाई म्हणाल्या.

वरचा भाग मुकुंदरावांनी नुसत्या पाण्याने धुतला. तरी मोठ्या पातेल्यातलं पाणी कोमटच. मुहूर्ताआधी आई-मुलाने एका ताटात जेवायला हवं; त्यानंतर मुलगा आईच्या ताटात जेवत नाही. मुहूर्त टळला की मुंज टळली.

उपाशी सूनबाई निधी जिना चढून आली. "बाबा, अब तो गॅस मँगवा लीजिए. गुरुजी घाई करतायत."

मागोमाग तिचे वडील माधवराव. "व्याहीबुवा, सूर्याला आमंत्रण द्यायचं राहिलं वाटतं. माझ्या गाडीत सिलिंडर आहे. सहज आणलंय."

मुकुंदरावांनी पातेल्याकडे पाहिलं. अर्ध्या आरशाला एवढी पंगत झेपणार नव्हती. दोन माणसं कदाचित झेपतील.

"पंगतीचं तुम्ही बघा, माधवराव. पेटवा गॅस." एवढं बोलायला त्यांना पायी शहरापलीकडचं थाटीपूर गाठण्याइतके कष्ट पडले. मग ते विजयाबाईंकडे वळले. "आणि अहो, ती लहान पातेली आणा. मूठभर तांदूळ टाका."

पातेली झळाळत्या ठिपक्यात ठेवली. खाली गुरुजी खाकरले. पुन्हा खाकरले. आकाशात उरलेली धूळ उन्हावर सरकली आणि ठिपका फिका पडला. मग तो उजळला आणि झाकण थडथडलं.

"आणा आता, नाहीतर राहू द्या," खालून गुरुजींची हाक आली.

पातेली तशीच खाली गेली. निधीने लेकाला घास भरवला, दुसरा स्वतः घेतला. दाताखाली कच्चा कण कचकन वाजला. तिने सासऱ्यांकडे पाहिलं, चावत राहिली.

"शिजलाय का गं?" माधवरावांनी विचारलं.

"मऊ झालाय," निधी म्हणाली आणि पुढचा घास कालवला.